रोलर डर्बी शिकताना मध्येच आत्मविश्वास गेला तर: कारण कुठे शोधायचं, दुरुस्ती कशी करायची

रोलर डर्बी शिकणाऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते. पहिले काही आठवडे भराभर प्रगती होते. मग एकदा वाईट पडायला होतं, किंवा महिनाभर सराव बुडतो, किंवा धक्के द्यायला-घ्यायला सुरुवात होते, आणि काल जमणारं आज जमेनासं होतं. वळणावर क्रॉसओव्हरसाठी (एक पाय दुसऱ्यावरून पलीकडे टाकण्यासाठी) पाय उचलत नाही. वेग येण्याआधीच ब्रेक लागतो. शिटी वाजायच्या आधी पोटात गोळा येतो. खेळ सोडून देणारे अनेकजण नेमके याच टप्प्यावर सोडतात, आणि ते फार वाईट आहे, कारण यातल्या बऱ्याच अडचणी दुरुस्त होण्यासारख्या असतात.

खेळ नवा असणाऱ्यांसाठी थोडक्यात: लंबगोल ट्रॅकवर दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू चार चाकी क्वाड स्केट्सवर असतात, चार ब्लॉकर आणि एक जॅमर. हेल्मेटवर चांदणीचं कव्हर घातलेला जॅमर प्रतिस्पर्धी ब्लॉकरना ओलांडून गुण मिळवतो. एक जॅम (खेळाचा एक तुकडा) जास्तीत जास्त २ मिनिटांचा, दोन जॅममध्ये ३० सेकंद, आणि ३० मिनिटांचे दोन डाव. चेंडू नाही. अंगाला अंग लावूनच सगळा खेळ.

या अडचणीवर "घाबरू नकोस, जमेल" हा सल्ला कामाचा नाही. घाबरलेला माणूस नकळत गुडघे सरळ करतो. गुडघे सरळ झाले की शरीराचा तोल वर जातो आणि वजन टाचांवर येतं. क्वाड स्केट बाजूंना स्थिर असतात, पण पुढची-मागची चाकं जवळ असल्यामुळे पुढे-मागे तोल पटकन जातो. वजन टाचांवर असताना पाय पुढे सटकतात आणि माणूस माकडहाडावर बसतो. ते इतकं दुखतं की पुढच्या वेळी गुडघे आणखी सरळ. हे चक्र तोडायची जागा गुडघे हीच आहे. मनाची समजूत नंतर आपोआप पटते.

म्हणून आधी भीती नेमकी कशाची, ते ठरवा. पडण्याची, न थांबण्याची, धक्क्याची, की मागे राहण्याची? चारींची औषधं वेगळी आहेत. धक्क्याला घाबरणाऱ्याने फेऱ्या मारून काही होत नाही, आणि ब्रेक न लागणाऱ्याला धक्क्यांच्या सरावात ढकललं तर भीती दुप्पट होते.

आधी दहा मिनिटं सामान तपासा

हे कंटाळवाणं वाटतं, म्हणूनच राहून जातं. "माझे पायच डळमळतात" असं म्हणणाऱ्यांच्या बाबतीत दोष पुष्कळदा नटात असतो.

स्केट उलटा धरा आणि प्रत्येक चाक फिरवा. अ‍ॅक्सलचा (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचा) नट चाक अडेपर्यंत घट्ट करा आणि मग पाव फेरा सैल सोडा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि बाजूला अगदी किंचितच हललं पाहिजे. नट नुसत्या बोटांनी फिरत असेल तर त्याच्या आतलं नायलॉनचं कडं झिजलेलं आहे. तो नट बदला, पुन्हा घट्ट करून वापरू नका. एका जोडीत आठ चाकं आणि सोळा बेअरिंग असतात. त्यातलं एक जरी अडकत असलं तरी तो पाय मागे ओढल्यासारखा वाटतो.

पुढे ट्रक, म्हणजे अ‍ॅक्सल धरून ठेवणारा धातूचा भाग, पाहा. किंगपिनचा (ट्रकला बुटाखालच्या प्लेटशी जोडणाऱ्या बोल्टचा) नट फार सैल असेल तर वेगात स्केट थरथरतो. फार घट्ट असेल तर अंग कललं तरी स्केट वळत नाही आणि वळणावर पाय जबरदस्तीने फिरवावा लागतो. एका वेळी पाव फेराच बदला, दोन्ही स्केटचे चारही ट्रक सारखे ठेवा आणि प्रत्येक बदलानंतर पाच-सहा फेऱ्या मारून पाहा.

टो स्टॉप (स्केटच्या पुढच्या टोकाखालचा रबरी ब्रेक) जमिनीपासून किती वर आहे, याकडे नवखे लक्ष देत नाहीत. स्केट सपाट ठेवल्यावर खाली साधारण दोन बोटं जावीत, इथून सुरुवात करा. लांब टो स्टॉप क्रॉसओव्हरमध्ये जमिनीला टेकतो आणि तोंडावर पाडतो. आखूड असेल तर त्याच्यावर उभं राहताना पाऊल खूप उभं करावं लागतं आणि पोटरी दमते. बसवल्यावर तो पक्का आवळला आहे ना, हे दर सरावाआधी हाताने पिळून बघा.

चाकांची पकड हा वेगळाच गोंधळ आहे. गुळगुळीत काँक्रीटवर ९६ए (हा आकडा चाकाचा कडकपणा सांगतो) किंवा त्याहून कडक चाकं हलक्या वजनाच्या नवख्याला घसरवतात. तिथे ८८ ते ९२ए बरी. पण अगदी मऊ, चिकटणारी चाकंही उपयोगाची नाहीत, कारण प्लाऊ स्टॉपमध्ये (बोटं आत वळवून, टाचा बाहेर ढकलून थांबण्यात) चाक थोडं घसरावंच लागतं. ते घसरलं नाही तर सगळा ताण गुडघ्यात जातो आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्या पायात जोर नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करत असाल तर ७८ ते ८२ए ची बाहेरची चाकं लावा. शहाबादी फरशीच्या सांध्यांत कडक चाक अडकतं. आणि चाकं ओल्या फडक्याने पुसा. धुळीचा थर बसला की कोणतंही चाक घसरतं.

बुटात टाच उचलली जात असेल तर लेस घोट्याच्या ठिकाणी पुन्हा आवळा. तरीही उचलली गेली तर माप मोठं आहे.

नी पॅडवर पैसे वाचवू नका, हे आग्रहाने सांगायचं आहे. मुलांच्या स्केटिंग क्लाससाठी जो पॅडचा सेट मिळतो, तो मोठ्या माणसाचं वजन गुडघ्यावर पडण्यासाठी केलेला नसतो. चाचणी सोपी आहे: स्केट न घालता पॅड बांधून कठीण जमिनीवर दहा वेळा गुडघ्यावर बसा. जमीन जाणवली, किंवा पॅड नडगीवर उतरला, तर तो पॅड गेला. ज्याचा गुडघ्यावर भरवसा नाही तो खाली वाकणारच नाही, त्याला कितीही ओरडून सांगा. माकडहाडावर एकदा पडलेल्यांनी आत घालायची जाड पॅडची चड्डी घ्यावी. तिच्याइतका धीर देणारी दुसरी वस्तू नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे आणि ते अनेक आघात सोसणाऱ्या प्रकारचं असावं. सायकलची बरीच हेल्मेट एकाच मोठ्या आघातासाठी असतात. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदला.

"पडायची भीती वाटते"

याला पडण्याशिवाय औषध नाही, पण पडणं ठरवून आणि खालून व्हायला हवं. तालमीत आणि ज्युदोत आधी पडायला शिकवतात, इथेही तेच.

सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, हा क्रम करा. जागेवर उभं राहून प्रत्येक गुडघा पाच वेळा टेकवा आणि उठा. मग चालण्याच्या वेगात प्रत्येक बाजूला पाच. मग मध्यम वेगात पाच. त्यानंतर दोन्ही गुडघे, एकामागून एक, आणि शेवटी गुडघे-कोपरं अशा चारही टेकूंवर. मुठी मिटलेल्या, हात अंगाजवळ, कारण मागून येणाऱ्याची चाकं पसरलेल्या बोटांवरून जातात. पडल्यावर तीन सेकंदांत उभं राहायचं. सगळं मिळून दहा मिनिटं लागतात. दोन-तीन आठवडे रोज न चुकता.

कान द्या. गुडघा "ठक्" वाजला तर तुम्ही वरून पडलात. आधी खोल बसून मग गुडघा पुढे सरकवला की पॅड घासल्याचा लांब आवाज येतो. तो आवाज आला की दुखत नाही. बहुतेकांची चूक हीच: पडायचं ठरवतात, पण शेवटच्या क्षणापर्यंत उंच राहतात.

मागे तोल गेला तर हात मागे टेकायचे नाहीत, मनगट मोडण्याची ती ठरलेली वाट आहे. हनुवटी छातीला, अंग गोळा, आणि एका बाजूच्या कुल्ल्यावर. आणि तोल जातोय असं जाणवल्याक्षणी एकच सवय लावा: खाली बसा, हात गुडघ्यांकडे न्या. या एका हालचालीने कितीतरी पडणी टळतात. हात हवेत फिरवणं आणि उभं राहून सावरणं यानेच माणूस पडतो.

स्टान्स (उभं राहण्याची ढब) बरोबर आहे का हे बघायला मान न वाकवता फक्त नजर खाली टाका. गुडघ्यांनी बुटांची टोकं झाकलेली दिसली पाहिजेत. लेस दिसत असेल तर तुम्ही उभे आहात. छाती वर, कुल्ले मागे. कंबरेतून पुढे वाकणं म्हणजे खाली बसणं नव्हे, त्याने वजन चवड्यांवर जातं आणि टो स्टॉपवर अडखळायला होतं. लहानपणी इनलाइन स्केटिंग केलेल्यांना ही सवय मोडायला जरा जास्त वेळ लागतो. आणि मांड्या थकल्या की स्टान्स आपोआप वर येतो. म्हणून घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसा: ४५ सेकंद, तीन वेळा, हळूहळू ९० सेकंदांपर्यंत. सरावाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत जे बिघडतं त्यावरून स्वतःला जोखू नका, ती मांड्यांची तक्रार असते.

"वेगाची भीती वाटते"

ही खरं तर न थांबण्याची भीती आहे. जो हव्या त्या जागी थांबू शकतो तो वेगाला घाबरत नाही.

प्लाऊ स्टॉप आधी जागेवर उभं राहून करा: पाय खांद्यांपेक्षा रुंद, बोटं किंचित आत, गुडघे खोल, आणि टाचांनी बाहेर ढकलायचं. मग हळू गतीत. पाय अरुंद ठेवले तर पुढची चाकं एकमेकांना धडकतात, ही पहिली चूक. दुसरी म्हणजे एकच पाय ढकलणं, त्याने माणूस गोल फिरतो. बहुतेकांचा एक पाय दुबळा असतो. त्या पायाने एकट्याने अर्धा प्लाऊ वेगळा घोटवा.

टी-स्टॉपमध्ये मागचा पाय पुढच्याला काटकोनात ओढायचा, आणि जवळपास सगळं वजन पुढच्या वाकलेल्या पायावर ठेवायचं. मागच्या पायाची फक्त पुढची चाकं टेकली की अंग गरकन फिरतं. चारही चाकं हलकी टेकलेली हवीत.

मग मोजा. जमिनीवर टेपची एक पट्टी लावा, पट्टीला पोचताच ब्रेक सुरू करा आणि जिथे थांबलात तिथे दुसरी लावा. दहा प्रयत्नांतलं सर्वांत लांब अंतर वहीत लिहा, सर्वांत कमी नव्हे. भीती त्या लांब अंतराचीच असते. ते कमी होत गेलं की वेग एका पायरीने वाढवा. असं आकड्यात दिसलं की मन ऐकतं.

"२७ फेऱ्या होतच नाहीत"

५ मिनिटांत २७ फेऱ्या, ही चाचणी अनेक लीगमध्ये (डर्बी क्लबमध्ये) घेतली जात आली आहे आणि तिने कित्येकांचा धीर खचवला आहे. हिशोब करा: एका फेरीला जेमतेम ११ सेकंद. दम कमी पडतो असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात वळणावर नुसतं घरंगळत जाणं हे मोठं कारण आहे. सरळ भागात जोर लावतात आणि वळणात विश्रांती घेतात. उलट वळणातच क्रॉसओव्हर चालू राहिले पाहिजेत. ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने जायचं असल्यामुळे डावा पाय उजव्याच्या मागून, खालून बाहेर ढकलला जातो. हा डाव्या पायाचा रेटा नवख्यांमध्ये जवळजवळ नसतोच. तो पाय फक्त वर उचलून पुढे ठेवतात. एका वर्तुळाभोवती हळू फिरत केवळ डाव्या पायाने, खालून ढकलत, वीस-वीसच्या तीन खेपा करा.

वाटही सुधारा. सरळ भागात बाहेरच्या कडेला, वळणाच्या मध्यावर आतल्या रेषेजवळ, पुन्हा बाहेर. सलग पाच मिनिटांचा सराव रोज करू नका. एका मिनिटात साडेपाच फेऱ्या, मग एक मिनिट विश्रांती, असं पाच वेळा. ते जमलं की दोन मिनिटांच्या खेपा.

"धक्के सुरू झाले आणि मी आक्रसले"

हा टप्पा सर्वांत कठीण आहे आणि इथे घाई केली की माणूस कायमचा बिथरतो.

धक्क्याने दुखतं ते का? तो लागायच्या क्षणी तीन गोष्टी होतात: डोळे मिटतात, श्वास कोंडतो, अंग वर उठतं. वर उठलेलं अंग हलकं असतं आणि उडतं. म्हणून धक्का द्यायच्या आधी घ्यायला शिका. पहिली पायरी स्केटशिवाय: जोडीदाराच्या खांद्याला खांदा, कुल्ल्याला कुल्ला लावून तीस सेकंद एकमेकांवर रेला, कुणी झटका द्यायचा नाही. दुसरी पायरी स्केटवर, जागेवर, तेच. तिसरी, हळू पुढे जात एकमेकांवर रेलून एक पूर्ण फेरी. चौथी, सांगून धक्का: देणाऱ्याने आधी "एक", "दोन" किंवा "तीन" म्हणायचं. एक म्हणजे नुसता स्पर्श, दोन म्हणजे जागा बदलायला लावणारा, तीन म्हणजे पूर्ण. घेणाऱ्याने आकडा ठरवायचा, देणाऱ्याने नव्हे. एकावर दहा वेळा तोल टिकला तरच दोन. धक्का येताना श्वास बाहेर सोडा, आणखी खाली बसा, आणि नजर समोरच्याच्या कमरेवर ठेवा. चेहरा फसवतो, कंबर फसवत नाही.

जोडीदार आपल्याच पातळीचा आणि साधारण आपल्याच वजनाचा घ्या. सर्वांत दणकट खेळाडूसमोर उभं करून "भीती घालवायची" पद्धत कुठे दिसली तर नाही म्हणा. नाही म्हणणं हा शिकणाऱ्याचा हक्क आहे.

कुठे लागू शकतं हे माहीत असलं की अर्धी भीती जाते. नियमाने धक्का द्यायचा तो खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. डोकं, मान, पाठ आणि मांडीच्या मध्याखालचे पाय वर्ज्य. कोपराखालचा हात आणि पंजा वापरायचा नाही. चूक झाली की ३० सेकंद पेनल्टी बॉक्स. कबड्डी खेळलेल्यांना इथे मोठा फायदा आहे, खाली बसणं आणि बाजूला झेपावणं त्यांच्या अंगात असतं. फक्त हात सवयीने पकडायला जातात. सुरुवातीचे काही सराव स्वतःच्या छातीसमोर दोन्ही मुठी धरून खेळले की ती सवय आवरते.

एक गोष्ट क्वचित बोलली जाते: बऱ्याच जणींना धक्का घेण्याची नव्हे, देण्याची भीती वाटते. "मुलींनी धक्काबुक्की करायची नाही" हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे ऐन वेळी धक्का अर्धवट सुटतो, आणि अर्धवट धक्का देणारीच पडते, कारण तिचं वजन दोन्ही पायांच्या मध्ये लटकतं. जोडीदाराला आधी विचारा, ती "दे" म्हणाली की पूर्ण द्या, आणि नंतर "ठीक?" असं विचारा. दहा-बारा वेळा हे झालं की संकोच उतरतो.

दुखापतीनंतर

घोटा मुरगळला असेल तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टने परवानगी दिल्यावरही स्वतः तपासा: त्या पायावर ३० सेकंद डोळे उघडे, मग मिटून उभं राहता येतं का, एका पायावर वीस वेळा टाच उचलता येते का, जागेवर उड्या मारता येतात का. दुसऱ्या पायाइतकं जमलं की स्केट घाला. मग पडणं, थांबणं, फेऱ्या, आणि सगळ्यात शेवटी धक्के, पहिल्या आकड्यापासून. जुन्या जागेवरून सुरू करायचा मोह होतो, कारण डोक्याला सगळं आठवत असतं. घोट्याला आठवत नसतं.

डोक्याला मार बसून चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखं झालं तर त्या दिवशी परत ट्रॅकवर जायचं नाही, बरं वाटलं तरी नाही, आणि डॉक्टरकडे जायचं. परत येताना प्रत्येक पायरीला निदान एक दिवस द्यावा, आणि डॉक्टरांच्या होकाराशिवाय धक्के घेऊ नयेत. यात सवलत नाही.

या काळात घरी बसू नका. डर्बीला पंच आणि ट्रॅकबाहेरचे अधिकारी लागतातच: जॅमचं घड्याळ, पेनल्टी बॉक्सचं घड्याळ, गुणांची नोंद. दोन-चार वेळा पेनल्टी बॉक्सजवळ उभं राहिलं की कुणाला कशासाठी बाहेर काढलं ते कळतं, आणि ट्रॅकवर परतल्यावर पुढे काय होणार याचा अंदाज येतो. परदेशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्या मराठी वाचकांना ही संधी सहज मिळते, कारण माणसं नेहमीच कमी असतात.

पहिली स्क्रिमेज (सरावाचा सामना)

जॅमर होऊ नका. ब्लॉकर व्हा, तेही अनुभवी दोघींच्या मध्ये. एकच काम घ्या: भिंतीतल्या (चिकटून उभं राहून वाट अडवणाऱ्या ब्लॉकरच्या रांगेतल्या) जोडीदाराच्या कमरेचा स्पर्श सुटू द्यायचा नाही. गुण, जॅमर, शिट्ट्या, सगळं दुसऱ्यांवर सोडा. दर तीन जॅममधला एकच खेळा. बाहेर आल्यावर वहीत एवढंच लिहा: गुडघे वाकलेले होते का, डोळे उघडे होते का. दोन्हींना "हो" असेल तर पुढच्या वेळी तीनातले दोन. "नाही" असेल तर उरलेला वेळ कडेला धक्क्यांच्या दुसऱ्या आकड्यावर घालवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच मधल्या जागेवर उभं राहा.